धांव न देणारा खेळाडू



खेळांच्या इतिहासांत ज्यांचीं नांवें मोठ्या अक्षरांत लिहिलीं जातात ते बहुधा चढाई करणारे वीर असतात. नागपूरकरांना हें निराळें सांगावयास नको. याच शहरांत ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म झाला. आणि १९२६ च्या डिसेंबरांत मुंबईच्या जिमखान्यावर गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनीं ११ षटकारांसह ज्या १५३ धांवा काढल्या, त्यांची कथा येथील वडीलधाऱ्यांनीं नातवंडांना इतक्या वेळां सांगितली आहे कीं, प्रत्येक कथनागणिक चेंडू थोडा थोडा अधिक दूर जाऊन पडूं लागला! तें साहजिकच आहे. षटकार सर्वांना दिसतो. त्याचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाहीं.

आज मी ज्या खेळाडूविषयीं बोलणार आहें त्याचें सर्वांत प्रसिद्ध कृत्य मात्र अगदीं उलट जातीचें आहे. लागोपाठ २१ षटकें त्यानें मैदानावर कांहींहि घडूं दिलें नाहीं, हेंच तें कृत्य! रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी हें त्यांचें पाळण्यांतलें नांव. क्रिकेटच्या जगांत त्यांना सारे बापू नाडकर्णी म्हणूनच ओळखीत. बापू हे राखणदार होते. आणि राखणदाराचा इतिहास लिहिणें हें चढाई करणाराच्या इतिहासापेक्षां पुष्कळच अवघड काम आहे. कारण चोरी झाली नाहीं त्या रात्रीची फिर्याद कोणत्याहि चौकींत नोंदलेली नसते.

बापूंकडे वळण्यापूर्वीं क्षणभर दूरदेशीं डोकावूं या. अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ चालतो तो पायापेक्षां हातानेंच अधिक खेळला जातो. प्रत्येक बाजूचे ११ गडी मैदानांत असतात. पण मौज अशी कीं, एकाच संघाच्या दोन तुकड्या असतात. चेंडू आपल्याकडे असला म्हणजे चढाईची तुकडी आंत येते. तो प्रतिपक्षाकडे गेला म्हणजे ती बाहेर जाते आणि राखणदारांची तुकडी मैदानांत उतरते. चढाई करणारांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. तें त्यांना साधूं द्यावयाचें नाहीं, एवढ्याच कामासाठीं धिप्पाड माणसें वेतन देऊन बाळगलेलीं असतात. हे लोक जन्मभर गोल करीत नाहींत. दुसऱ्याचा गोल होऊं देत नाहींत. त्यांच्यापैकीं एखाद्यानें चेंडू फेंकणाऱ्या नायकालाच फेंकण्यापूर्वीं भुईवर लोळविलें, तर तो त्याच्या कलेचा कळस समजतात. तथापि या पराक्रमाची खेळाडूच्या नांवावर अधिकृत नोंद ठेवण्यास त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनें १९८२ सालीं आरंभ केला; आणि ती संघटना तर १९२० सालची! इतक्या धनाढ्य आणि हिशेबी खेळालाहि राखणदाराची वही उघडण्यास ६२ वर्षें लागलीं.

आपल्या हुतुतूनें या बाबतींत अधिक न्यायबुद्धि दाखविली असें मला वाटतें. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनला जाऊन ज्या खेळाचें प्रात्यक्षिक दाखविलें, त्या खेळांत चढाई करणारा एकटा येतो हें खरें. पण त्याला पकडून ठेवणाऱ्या फळीलाहि गडी बाद केल्याचें श्रेय रोकडें मिळतें. क्रिकेटची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. गोलंदाजाच्या तक्त्यांत षटकें, निर्धांव षटकें, धांवा आणि बळी असे चार रकाने असतात. दुसरा रकाना राखणदाराचा. परंतु वर्तमानपत्र हातीं घेतल्यावर आपली दृष्टि पहिल्या तीन रकान्यांवरून घसरत एकदम चौथ्यावर जाऊन थांबते, कीं नाहीं?

बापूंचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजीं नाशिक येथें झाला. नुकत्याच स्थापन झालेल्या पुणें विद्यापीठाच्या संघांतून ते १९५०-५१ सालीं आंतर-विद्यापीठ सामन्यांत खेळले आणि पुढल्याच हंगामांत महाराष्ट्राच्या रणजी संघांत दाखल झाले. आतां हा काळ आणि हें पुणें कसें होतें हें ध्यानांत घेतल्याखेरीज बापूंच्या गोलंदाजीचें मर्म उमगणार नाहीं. १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास भाऊसाहेब निंबाळकरांनीं काठेवाडच्या संघाविरुद्ध नाबाद ४४३ धांवा काढल्या; महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्यावर काठेवाडच्या कर्णधारानें सामनाच सोडून दिला आणि ब्रॅडमनचा ४५२ धांवांचा विक्रम नऊ धांवांनीं वांचला. त्यानंतर तीन महिन्यांनीं त्याच शहरीं मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यांत जो उपांत्य सामना झाला त्यांत दोन्ही बाजूंच्या मिळून २३७६ धांवा झाल्या. दोन हजार तीनशें शहात्तर! गोलंदाजाच्या दृष्टीनें ही खेळपट्टी नव्हे, शिक्षेची जागा होती. ज्या मुलखांत पाऊसच पडत नाहीं तेथील शेतकरी पाण्याचा थेंब न् थेंब जपावयास शिकतो. तद्वत् जेथें बळी मिळण्याचा संभवच थोडा, तेथें उमेदवारी करणाऱ्या मुलानें धांवा जपण्याची विद्या आत्मसात केली, यांत नवल तें काय?

ती विद्या मोठी साधी आणि मोठी कष्टाची होती. बापू डाव्या हातानें संथ फिरकी टाकीत. चेंडूला उंची देऊन फलंदाजाला भुलविण्याचा मोह त्यांना फारसा नसे. चेंडू अशा टप्प्यावर पडावयाचा कीं, पुढें येऊन तो जोरानें मारतां येऊं नये आणि मागें सरून तो कापतांहि येऊं नये. आणि दिशा अशी ठेवावयाची कीं, सोडून द्यावा म्हटलें तर यष्टि उडण्याची धास्ती वाटावी. सरावाच्या वेळीं खेळपट्टीवर टप्प्याच्या जागीं एक नाणें ठेवून त्यावर ते चेंडू पाडीत बसत, असें सांगतात. वाण्यानें तराजूची दांडी दिवसभर समतोल धरावी तसा हा उद्योग! त्यांत रोमांच नाहीं. पण सायंकाळीं हिशेब लावावा तर एक छदाम इकडचा तिकडे झालेला नाहीं. शिवाय फलंदाजाच्या अगदीं अंगाशीं उभें राहून झेल टिपण्यांत ते पटाईत होते, आणि ज्या काळीं डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची चाल नव्हती त्या काळचें हें धाडस आहे, हेंहि विसरूं नये. फलंदाज म्हणून ते डावखुरे, चिवट आणि संकटकाळीं हमखास उपयोगी पडणारे. पहिलें शतक त्यांनीं मुंबईच्या बलाढ्य संघाविरुद्ध, मुंबईच्याच ब्रेबॉर्न मैदानावर झळकाविलें.

कसोटी सामन्यांत त्यांचा प्रवेश झाला तोहि विनू मंकडांना विश्रांति दिल्यामुळें, म्हणजे दुसऱ्याच्या रिकाम्या पाटावर. १९५५ च्या डिसेंबरांत दिल्लीस न्यूझीलंडविरुद्ध हा सामना झाला. बापूंनीं नाबाद ६८ धांवा काढल्या. परंतु गोलंदाजी करतांना ५७ षटकें टाकून त्यांना एकहि बळी मिळाला नाहीं. त्या डावांत सटक्लिफनें नाबाद २३० धांवा काढल्या आणि न्यूझीलंडचे उण्यापुरे दोनच गडी बाद झाले. सत्तावन्न षटकें आणि शून्य! पहिल्याच सामन्यांत ज्याच्या वांट्याला असें भाग्य आलें त्यानें एक तर गोलंदाजी सोडून द्यावी, नाहीं तर शून्याशींच मैत्री जोडावी. बापूंनीं दुसरा मार्ग पत्करला. मंकड परत आले आणि बापूंची जागा गेली.

त्या काळीं भारताचा क्रिकेटपटु अमेरिकेंतील खेळाडूप्रमाणें धंदेवाईक नव्हता. खेळावर घर चालत नसे. घर चालण्यासाठीं कोठें तरी नोकरी असावी लागे, आणि एखादी मोठी कंपनी ती देई. बापू असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या नोकरींत होते व तिच्या संघांतून खेळत. १९६० च्या सुमारास ते मुंबईच्या रणजी संघांत आले, आणि १९६०-६१ च्या हंगामांत दिल्लीविरुद्ध नाबाद २८३ धांवा काढून हा माणूस नुसता राखणच करीत नाहीं, वेळ पडल्यास लूटहि करतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. मुंबईनें १९५८-५९ पासून लागोपाठ १५ वेळां रणजी करंडक जिंकला. त्या मालेंतील पुष्कळ वर्षें बापूंचीं आहेत.

आतां थोडें कटु बोलावयाचें आहे. त्या दहा वर्षांतील भारतीय क्रिकेटचें वर्णन एका शब्दांत करा असें कोणी म्हटलें, तर माझ्या तोंडीं 'धास्ती' हा शब्द प्रथम येईल. १९५९ सालीं इंग्लंडांत आपण पांचहि सामने हरलों. १९६२ सालीं वेस्ट इंडीजमध्यें पुन्हां पांचहि हरलों. पाकिस्तानशीं खेळतांना तर पराभवाची भीति दोन्ही बाजूंना सारखीच वाटे. १९५४-५५ चे पांचहि सामने अनिर्णित सुटले. १९६०-६१ चे पांचहि तसेच सुटले. या दुसऱ्या मालिकेंत बापूंनीं कानपुरास ३२ षटकें टाकून २३ धांवा दिल्या, त्यांपैकीं २४ षटकें निर्धांव; आणि दिल्लीस ३४ षटकें टाकून २४ धांवा दिल्या, त्यांतहि २४ निर्धांव. आंकडे अजब आहेत. पण दहा सामन्यांत एकहि निकाल न लागणें ही त्याहूनहि अजब गोष्ट आहे, आणि तिकीट काढून उन्हांत बसलेल्या प्रेक्षकाची आपणांस कींव आली पाहिजे.

मग हा दोष बापूंचा काय? टीकाकारांपैकीं कांहींनीं तसें सुचविलें. मला तें पटत नाहीं. किल्ल्याच्या तटावर पहारा करणाराला 'तूं शत्रूवर चालून कां गेला नाहींस?' असें विचारण्यासारखें तें आहे. चालून जावयाचें कीं नाहीं हें किल्लेदार ठरवितो. राखणदार राखणच करणार. तिचा उपयोग करून घेणें हें दुसऱ्या कोणाचें तरी काम असतें, आणि तें दुसरें कोणी त्या काळच्या संघांत नेहमींच हजर असे असें नाहीं. बळी कसे मिळवावे हें बापूंना ठाऊक नव्हतें, हा समजहि खोटा. १९५९ च्या डिसेंबरांत दिल्लीस ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनीं १०५ धांवांत ६ गडी बाद केले होते. भारत मात्र तो सामना डावानें हरला, त्यामुळें ते सहा बळी कोणाच्या स्मरणांत राहिले नाहींत. त्याच महिन्यांत कानपुरास जसू पटेलांनीं १४ बळी घेऊन ऑस्ट्रेलियावर भारताला पहिला विजय मिळवून दिला आणि देशभर त्यांचाच जयजयकार झाला.

वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांत, १९६२ च्या मार्चमध्यें, बार्बाडोसला कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर ग्रिफिथचा चेंडू आदळला आणि त्यांच्या जिवावर बेतलें. त्यांना ज्यांनीं रक्त दिलें त्यांत प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, पॉली उम्रीगर होते, चंदू बोर्डे होते आणि बापू नाडकर्णीहि होते. याचा रकाना कोणत्याच तक्त्यांत नसतो.

आतां मद्रासकडे येऊं. १९६४ च्या जानेवारींत माइक स्मिथच्या नेतृत्वाखालीं आलेल्या इंग्लंडच्या संघाशीं पहिला कसोटी सामना मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर सुरू झाला. पतौडीच्या नबाबांचें कर्णधारपण नवें होतें. बुधी कुंदरन यांच्या १९२ आणि विजय मांजरेकरांच्या १०८ धांवांच्या बळावर भारतानें ७ बाद ४५७ वर डाव सोडला. तिसरा दिवस होता १२ जानेवारीचा. खेळपट्टी निर्जीव, इंग्लंडपुढें धांवांचा डोंगर, आणि खेळावयास ब्रायन बोलस व केन बॅरिंग्टन. दोघेहि असे चिवट कीं, धांवांपेक्षां यष्टि सांभाळण्यांतच त्यांना धन्यता वाटावी. अशा वेळीं एका टोकाकडून बापू गोलंदाजी करूं लागले.

त्यांनीं त्या डावांत चार हप्त्यांत गोलंदाजी केली. पहिला हप्ता तीन षटकांचा, तिन्ही निर्धांव. दुसरा सात षटकांचा, त्यांत पांच निर्धांव आणि दोन धांवा. तिसरा १९ षटकांचा. त्यांतील १८ निर्धांव आणि धांव केवळ एक. चौथा तीन षटकांचा, एक निर्धांव आणि दोन धांवा. बेरीज करा : ३२ षटकें, २७ निर्धांव, ५ धांवा, बळी शून्य. मधल्या काळांत लागोपाठ २१ षटकें निर्धांव गेलीं; चेंडू मोजले तर १३१ चेंडूंवर एकहि धांव निघाली नाहीं. दक्षिण आफ्रिकेच्या टेफील्डनें १९५७ सालीं डर्बनला इंग्लंडविरुद्धच सलग १३७ चेंडू असे टाकले होते. पण तेथें षटक आठ चेंडूंचें असे. म्हणून चेंडूंच्या मोजणींत टेफील्ड पुढें, तर षटकांच्या मोजणींत बापू पुढें.

हें दृश्य आपण डोळ्यांपुढें आणून पाहा. एक गृहस्थ चार पावलें चालत येतो, हात फिरवितो, चेंडू त्याच जागीं पडतो, फलंदाज बॅट पुढें करून तो थोपवितो, जवळचा क्षेत्ररक्षक तो उचलून परत फेंकतो. पुन्हां तेंच. पुन्हां तेंच. देवळांत जपमाळ ओढणाऱ्या वृद्धाकडे पाहून कोणी टाळ्या पिटीत नाहीं. परंतु १३१ मण्यांत एकहि मणी बोटांतून निसटूं न देणें ही एकाग्रता कमी का आहे? चेंडू थोडा आखूड पडला असता, थोडा बाहेर गेला असता, हाताला किंचित् घाम आला असता, तर एक धांव सहज निघाली असती. ती निघाली नाहीं. मला तर या १३१ चेंडूंत फलंदाजांच्या नेभळटपणापेक्षां गोलंदाजाची हुकमत अधिक दिसते. तरीहि सत्य सांगावयाचें तर, सामना अनिर्णित राहिला. आणि त्या मालिकेचे पांचहि सामने अनिर्णितच राहिले.

त्याच मालिकेंतील शेवटच्या सामन्यांत, कानपुरास, इंग्लंडनें ८ बाद ५५९ धांवा केल्या. भारताचा डाव २६६ धांवांत आटोपला आणि २९३ धांवांच्या पिछाडीनें दुसऱ्यांदा फलंदाजीस उतरण्याची पाळी आली. पहिल्या डावांत बापू नाबाद ५२ होते. दुसऱ्यांत त्यांनीं नाबाद १२२ काढल्या. दोन्ही डावांत इंग्लंडला त्यांना बाद करतां आलें नाहीं. एकाच माणसानें मालिकेच्या आरंभीं धांवा अडवून आणि शेवटीं यष्टि अडवून धरावी, असा योग क्वचितच जुळतो. मद्रासच्या आंकड्यांमागें कानपूर झांकून गेलें, याची मला नेहमीं हळहळ वाटते.

बापूंच्या हातीं थोडी साथ देणारी खेळपट्टी आली म्हणजे काय होई, हें त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत दिसलें. पुन्हां मद्रासच, समोर ऑस्ट्रेलिया. पहिल्या डावांत ३१ धांवांत ५ बळी आणि दुसऱ्यांत ९१ धांवांत ६. एकूण १२२ धांवांत ११. तरी सामना भारत १३९ धांवांनीं हरला! पुढचा मुंबईचा सामना मात्र भारतानें दोन गडी राखून जिंकला, आणि तोहि दसऱ्याच्या दिवशीं. तेव्हां सीमोल्लंघन अगदींच चुकलें असें म्हणतां येणार नाहीं.

१९६६ संपतां संपतां बिशनसिंग बेदी नांवाचा तरुण कलकत्त्यास प्रथमच कसोटी सामना खेळला. तोहि डावखुरा फिरकी गोलंदाज; पण त्याचा चेंडू हवेंत तरंगे, फलंदाजाला खुणावी, फसवी. बापूंच्या चेंडूंत भिंतीचा घट्टपणा होता, बेदींच्या चेंडूंत नागमोडी नदीचें वळण होतें. निवड समितीला वळण आवडलें. १९६७ च्या इंग्लंडच्या दौऱ्यावर बापूंना नेलें नाहीं. चौतिशींतल्या खेळाडूला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं.

परंतु १९६७-६८ च्या हिंवाळ्यांत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचा जोड दौरा निघाला आणि बापूंना परत बोलावणें आलें. ऑस्ट्रेलियांत भारत चारहि सामने हरला. तेथून संघ न्यूझीलंडला गेला, आणि येथें प्रथमच तो चमत्कार घडला ज्याची राखणदाराला सारा जन्म वाट पाहावी लागते. दुसऱ्या टोकाला कोणी तरी उभा राहिला. इरापल्ली प्रसन्न हे त्या दौऱ्यांत ऐन भरांत होते. चार सामन्यांत त्यांनीं २४ बळी घेतले. एका टोकाकडून धांव मिळेनाशी झाली कीं फलंदाजाचा जीव गुदमरतो. तो मोकळ्या हवेसाठीं दुसऱ्या टोकाकडे धांवतो, आणि तेथें प्रसन्नांसारखा कसबी पारधी जाळें पसरून बसलेला असतो. कधीं याच्या उलटहि घडतें. डनेडिनचा सामना जिंकला, ख्राइस्टचर्चचा हरला. वेलिंग्टनला दुसऱ्या डावांत मात्र खुद्द बापूंनींच ३० षटकांत ४३ धांवा देऊन ६ गडी बाद केले आणि भारतानें तो सामना आठ गडी राखून जिंकला. मग ऑकलंडलाहि जिंकला, २७२ धांवांनीं. परदेशांत भारतानें जिंकलेली ही पहिली कसोटी मालिका. त्या दौऱ्याच्या अखेरीस बापूंनीं कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. दिल्लीच्या ५७ षटकांपासून निघालेली वाट बारा वर्षांनीं न्यूझीलंडांतच, न्यूझीलंडविरुद्धच येऊन थांबली.

आतां त्यांच्या एकंदर जमाखर्चाकडे पाहूं. कसोटी सामने ४१, धांवा १४१४, एक शतक, बळी ८८. टाकलेले चेंडू ९१६५ आणि त्यांवर दिलेल्या धांवा २५५९. म्हणजे षटकामागें १.६७. आज कसोटींत षटकाला तीन धांवा देणाऱ्या गोलंदाजालाहि आपण काटकसरी म्हणतों, यावरून हा आंकडा काय आहे याची कल्पना यावी. सर्व प्रथम दर्जाच्या सामन्यांत मिळून १९१ सामने, ८८८० धांवा आणि ५०० बळी. धांवांची सरासरी ४०.३६, बळींची २१.३७. ज्याला लोक नुसता 'धांव न देणारा' म्हणून ओळखतात त्याच्या खात्यावर हे ५०० बळी आहेत, हें सांगितल्यावर चांगले जाणकारहि भुंवया उंचावतात.

नागपूरला पहिला कसोटी सामना पाहावयास मिळाला तो १९६९ च्या ऑक्टोबरांत, सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर. प्रतिपक्ष न्यूझीलंडच होता. तो सामना त्यांनीं १६७ धांवांनीं जिंकला. बापू त्या वेळीं निवृत्त होऊन दीड वर्ष झालें होतें. कर्नल नायडू तर १९६७ सालींच निवर्तले होते. या शहराच्या पहिल्या कसोटींत षटकार ठोकणारा तो वीर प्रेक्षकांतहि नव्हता, आणि धांव रोखून धरणारा हा वीर मैदानावर नव्हता.

निवृत्तीनंतर बापू राष्ट्रीय निवड समितीवर होते आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेचें कामहि त्यांनीं पाहिलें. त्यांपैकीं एकच प्रसंग येथें सांगतों, कारण तोहि एक राखणच होता. १९८१ च्या फेब्रुवारींत मेलबर्नच्या कसोटींत लिलीच्या चेंडूवर पंचांनीं सुनील गावसकरांना पायचीत ठरविलें. चेंडू बॅटीला लागला होता अशी गावसकरांची खात्री. संतापाच्या भरांत त्यांनीं जोडीदार चेतन चौहान यांनाहि बरोबर घेऊन मैदान सोडावयास आरंभ केला. दोघे सीमारेषेपलीकडे गेले असते तर सामना हातचा जाण्याचा प्रसंग होता. सीमारेषेवर त्यांना व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी आणि त्यांचे साहाय्यक बापू नाडकर्णी हे सामोरे आले. गावसकर आंत गेले. चौहानांना मैदानांतच ठेवण्यांत आलें. दुसरे दिवशीं कपिल देवांनीं २८ धांवांत ५ गडी टिपले, ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धांवांत कोसळला आणि भारतानें सामना ५९ धांवांनीं जिंकून मालिका बरोबरींत सोडविली. वर्तमानपत्रांनीं कपिल देवांचें नांव मोठ्या टाइपांत छापलें, आणि तें रास्तच होतें.

बापूंचें निधन १७ जानेवारी २०२० रोजीं मुंबईंत झालें. तेव्हां त्यांना ८६ वर्षें पुरीं झालेलीं होतीं. आणि मद्रासच्या त्या तिसऱ्या दिवसाला ५६ वर्षें व पांच दिवस लोटले होते.